काळ्या मातीचं भांडण

आक्का, तुमच्या झाडाचं करणं माझ्यानं होणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

आज सकाळी पुन्हा तांब्या घेऊन त्या कॅमेलियासमोर उभी राहिले. एक तांब्या घालायचा की दोन, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तुम्ही मातीत पेरभर बोट खुपसायचात आणि तेवढ्यावर ठरवायचात. मीही बोट खुपसलं. माती गार लागली. आता गार म्हणजे पुरे झालं, की गार म्हणजे अजून थोडं पाहिजे, हे कुणाला विचारू? एकतीस वर्षं तुम्ही मला न विचारता सगळं शिकवत आलात. भाकरी कशी थापायची, कपड्याला साबण किती लावायचा, शेजारणीशी किती वेळ बोलायचं. आणि ज्या एका गोष्टीची पुढं गरज पडणार होती, तिथं मात्र 'तुला न्हाय जमायचं, सर बाजूला' म्हणून माझ्या हातातला तांब्या काढून घ्यायचात. मग घ्या आता. झाड कळ्यांनी भरलंय आणि तुम्ही नाही. या कळ्या उमलण्याआधी गळाल्या तर सगळं कंग्राळी गाव म्हणेल, आक्का गेल्या आणि शालननं झाड घालवलं. तुम्ही तर म्हणाल, दुसरंही घालवलं.

गणपती गेले आणि पाठोपाठ तुम्ही गेलात. त्यानंतर पंधरा दिवस घरात माणसांची रीघ होती. येणारा प्रत्येक जण सांगायचा, आक्का किती शांत, किती कमी बोलणाऱ्या. तुमच्या कचेरीतल्या दोघी तर म्हणाल्या की इतक्या वर्षांत आक्कांचा चढलेला आवाज आम्ही ऐकला नाही. मला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं. त्यांना वाटलं, मला रडू आलं. रडू आलंही, पण आधी हसू आलं होतं. सगळा शांतपणा तुम्ही खानापूरच्या कचेरीत संपवून यायचात आणि संध्याकाळी घरी येताना माझ्यासाठी जे उरायचं ते वेगळंच असायचं. त्यात रागावलात की कचेरीतलं कन्नड तोंडी यायचं. 'साकु,' म्हणायचात. पुरे. तुमचं बोलून झालं की भांडण संपलं, माझं राहिलं असलं तरी.

मी संकेश्वरहून या घरात लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. सासू नाही म्हणून माझ्या मैत्रिणींना माझा हेवा वाटला होता. थोरली नणंद घरात आहे, तिनं लग्न केलेलं नाही आणि ती आपल्या धाकट्या भावाला साठीतही 'बाळू' म्हणणार आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही लग्न का केलं नाहीत ते मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. तेवढा एक विषय सोडला तर आपण भांडलो नाही असा विषय मला आठवत नाही.

पण खरी जुंपली ती तुम्ही निवृत्त होऊन कचेरीतल्या बायकांबरोबर उटीला जाऊन आलात तेव्हापासून. उटीहून लोक चॉकलेट आणतात, निलगिरीचं तेल आणतात. तुम्ही सगळा प्रवास मांडीवर दोन रोपं घेऊन बसला होतात आणि तशाच दारात उतरलात. ह्यांनी विचारलं, 'आक्का, आमाला काय आणलंस?' तुम्ही म्हणालात, 'हेच की.' ना फूल, ना फळ. वीतभर काडी आणि तिला जाड, गडद, तेल लावल्यासारखी चकचकीत पानं. चहाच्याच कुळातलं आहे, असं तुम्ही इतक्या अभिमानानं सांगितलंत की मला वाटलं, आता घरचा चहा होणार. तसं काही नव्हतं.

मग मातीचं सुरू झालं. आपल्या परड्यातली माती म्हणे या झाडाला चालत नाही, त्याला आंबट माती लागते. मी शेतकऱ्याची लेक, माती आंबट असते हे मला तुमच्याकडून कळलं. तुमच्या मामांचं घर गुंजीला, मागं जंगल. तिथल्या जांभळाच्या बुडाची लाल माती आणि कुजलेला पाला तुम्ही दोन पोत्यांत भरून पॅसेंजरनं आणलात. तपासनिसानं विचारलं, पोत्यात काय आहे. तुम्ही म्हणालात, माती. त्यानं पोतं उघडायला लावलं, आत खरंच माती निघाली, आणि तो बिचारा तुमच्या तोंडाकडं बघत राहिला. हे तुम्ही आम्हाला सांगितलंत तेव्हा स्वतःच इतक्या हसलात की ठसका लागला. तसं हसताना मी तुम्हाला फार वेळा पाहिलं नाही.

एक रोप तुम्ही फणसाच्या आडोशाला जमिनीत लावलंत आणि दुसरं अर्ध्या कापलेल्या पिपात. त्या दिवसापासून या घरात दोन बाळं आणि एक मोलकरीण, अशी गत झाली. बोअरचं पाणी त्यांना चालत नव्हतं. 'ज्या पाण्यानं तांब्याला पांढरं धरतंय, ते माझ्या झाडाला नको,' असं तुम्ही मला बजावलंत. तेच पाणी आम्ही माणसं रोज पीत होतो त्याचं काही नाही. मग पत्र्याच्या पन्हळीखाली तीन निळे ड्रम आले. पावसाळाभर भरून ठेवायचे आणि थंडीत तेच पाणी पुरवून पुरवून घालायचं. ड्रमवर झाकण हवंच, नाहीतर डास होतात, पाली पडतात. दिवसातून चार वेळा तुमचा प्रश्न: झाकण लावलंस का? मी देवपूजेला बसलेली असले तरी प्रश्न यायचा. उगवतीचं ऊन कळ्यांवर थेट पडू नये म्हणून परड्यात दोरी बांधून तिच्यावर पडदा आला. पडदा कसला, माझी इरकल. आईनं दिलेली. जुनी झाली होती हे मान्य, पण माझी मी जुनी म्हणणं वेगळं आणि तुम्ही ती काढून झाडाला देणं वेगळं. आल्यागेल्याला वाटायचं, आमच्याकडं एकच साडी रोज वाळत घालतात.

आणि चहाचा चोथा. तो या झाडाला चांगला, पण आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला. म्हणून तुम्ही चोथा तीन पाण्यांत धुऊन, फडक्यावर वाळवून मग बुडात घालायचात. मी म्हणायची, एवढी निगा माझी बाळंतपणात झाली नाही. तुम्ही म्हणायचात, 'तू काय आंबट मातीत वाढलीस व्हय?'

पहिलं फूल आलं ते बघायला अर्धी गल्ली आली होती. गुलाबी, एकावर एक बसवलेल्या पाकळ्या, कुणी कागदाचं करून ठेवल्यासारखं. शेजारच्या मंगलवहिनींनी वाकून नाक लावलं आणि म्हणाल्या, 'वासच न्हाय की.' केसात माळावं तर हात लागला तिथं पाकळी तपकिरी होते. देवाला वाहावं तर तुम्ही तोडू द्यायचा नाहीत. मी सगळ्यांसमोर विचारलं, मग हे लावलंय कशाला. तुम्ही फुलावरची नजर न काढता म्हणालात, 'बघायला.' मला तेव्हा त्या उत्तराचा फार राग आला. मला वाटलं, हिला काय, बघायला वेळ आहे. आता रोज सकाळी मी तिथं उभी असते आणि भाजी करपते, ते सोडून देऊ.

कळ्या खुडायचं तर मला बघवायचं नाही. फांदीच्या टोकाला तीन कळ्या आल्या की तुम्ही दोन खुडून टाकायचात. नखानं, टपकन. मी ओरडायची. तुम्ही म्हणायचात, 'तिन्ही ठेवल्या तर तिन्ही अर्ध्या राहत्यात. एक तरी पुरी होऊ दे.' खुडलेल्या कळ्या मात्र तुम्ही फेकायचा नाहीत. ओंजळीत घेऊन परत त्याच्याच बुडात ठेवायचात. मी ते पाहायची आणि काही बोलायची नाही. बोलले असते तर तुम्ही तेही बंद केलं असतं.

आता काळी माती. हे भांडण मी तुमच्याशी सगळ्यात जास्त भांडले आणि आज तुम्ही उत्तर द्यायला नाही म्हणून मी थोडीच सोडणार आहे? दुसऱ्या वर्षी दसऱ्याला मी माहेरी गेले होते. येताना आमच्या अण्णांच्या उसाच्या रानातली काळी माती पिशवीभर घेऊन आले. त्या मातीत काडी खोचली तरी फुटते, हे मी लहानपणापासून बघत आलेली. तुमच्या गुंजीच्या तांबड्या मातीचं एवढं कौतुक, मग आमच्या मातीनं काय पाप केलं होतं? मी ती फणसाखालच्या रोपाच्या बुडात पसरली. तुम्ही संध्याकाळी बघितलंत आणि जो काही दंगा केलात तो मंगलवहिनी अजून सांगतात. 'तुज्या माह्यारची माती माज्या झाडाला नको.' माझ्या माहेरची माती. मी तीन दिवस बोलले नाही. तुम्ही चमच्यानं उकरून सगळी माती काढलीत आणि मोगऱ्याला घातलीत. मोगरा इतका फुलला म्हणून सांगू. त्याबद्दल तुम्ही एक अक्षर काढलं नाहीत.

इथवरचं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला तर नाहीच.

त्याच थंडीत मामांच्या नातीचं लग्न निघालं आणि तुम्ही पाच दिवस गुंजीला गेलात. जाताना मला दहा वेळा सांगून गेलात, काही करू नको, फक्त पाणी घाल. मला वाटलं, दाखवूच हिला. फणसाखालचं झाड कळ्यांनी लगडलं होतं. पहिल्याच दिवशी मी चोथा घातला. धुतला नाही. तीन पाण्यांत चोथा धुवायला मला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ते थेर वाटायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बुंध्याला मुंग्यांची रांग. तिसऱ्या दिवशी कळ्यांवरसुद्धा मुंग्या. तुम्ही याल, बघाल, आणि पुढं वर्षभर मला ऐकावं लागेल.

आमच्या अण्णांच्या रानात नारळ, आंबा, पेरू, सगळ्या झाडांच्या बुंध्याला दरवर्षी चुना लागायचा. खाली पांढरा चुना, वर गेरूचा पट्टा. मुंगी नाही, वाळवी नाही. चुना लावलेलं झाड म्हणजे कुणीतरी काळजी घेतलेलं झाड, एवढंच मला माहीत. दिवाळीचा चुना उरला होता. मी तो भिजवला, बुंध्याला ब्रशानं लावला, आणि मुंग्या मातीतून येतात म्हणून उरलेला सगळा बुडात ओतला. गेरूचा पट्टासुद्धा ओढला, आक्का. हौसेनं. नंतर तुमचं तोंड डोळ्यांसमोर आलं. परवानगी न घेता झाडाला हात लावला म्हणून तुम्ही काय बोलाल ते ऐकू यायला लागलं, म्हणून चौथ्या दिवशी बोअरच्या पाण्याचे चार हंडे ओतून सगळं धुऊन काढलं. धुतलं म्हणजे काय, होता नव्हता तो चुना मुळापर्यंत पोचवला.

तुम्ही आलात. पिशवी पायरीवर ठेवून आधी झाडाकडं गेलात. खाली बसलात. बुंध्याला बोट लावलंत, माती उचलून चिमटीत चोळलीत. मी दारात उभी. तुम्ही विचारलंत, 'काय केलंस?' मी म्हणाले, 'काय न्हाय, पाणी घातलं.' तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि मला कळेना, तुम्ही ओरडत का नाही. पिशवीतून लाडू काढलेत, मला दिलेत आणि हात-पाय धुवायला गेलात.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही त्या झाडाला पाणी घालायला लागलात. बादल्याच्या बादल्या. पावसाचं, राखून ठेवलेलं, ज्याचा एक थेंब तुम्ही मला हात धुवायला दिला नव्हता, ते पाणी. आठवड्यात दोन ड्रम संपले. वरची माती काढून टाकलीत, परत गुंजीला जाऊन नवी आणलीत. पण कळ्या गळाल्या. पानं पिवळी झाली, नुसत्या शिरा हिरव्या, मग तीही गळाली. होळीपर्यंत काडी वाळून गेली. तुम्ही ती उपटलीत आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, 'काळ्या मातीनं गेलं.'

आणि मी भांडले. काळी माती तर चमच्यानं काढली होती, ती कशी मारेल? तुम्हीच पाण्यात बुडवून मारलंत झाड, मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, काळ्या मातीनं. मी म्हणाले, पाण्यानं. नऊ वर्षं, आक्का. संक्रांतीला, कुणाच्या बारशाला, पापड लाटताना, तुमच्या गुडघ्याला तेल लावून देताना. कुणी परड्यात येऊन विचारलं की पूर्वी इथं अजून एक झाड होतं ना, की आपण दोघी सुरू. हे तर पेपर घेऊन बाहेर जाऊन बसायचे.

पुढच्या वर्षी मी बेळगावात एका रोपवाटिकेत गेले होते, कढीपत्त्याचं रोप आणायला. जाता जाता सहज विचारल्यासारखं विचारलं, कॅमेलियाला मुंग्या आल्या तर चुना चालतो का. तो माणूस हातातलं काम टाकून माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, 'चुना? आंबट मातीच्या झाडाला? मग संपलंच की ते, बाई.' मी कढीपत्ता न घेता घरी आले. त्या दिवशी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. तुम्ही ओसरीवर शेंगा सोलत होतात. मी तुमच्याशेजारी बसले, शेंगा सोलायला लागले, आणि तुम्ही म्हणालात, 'कढीपत्ता कुटं हाय? इतकी साधी गोष्ट आणायला गेलतीस.' मी म्हणाले, 'मिळाला न्हाय.' संपलं. रोज ठरवायची, उद्या सांगू. आणि उद्या तुम्ही असं काहीतरी बोलायचात की माझं डोकं तडकायचं. कबुली द्यायलासुद्धा समोरच्या माणसानं पाच मिनिटं गप्प बसावं लागतं, हो.

भाद्रपदात तुमचं हृदय थकलं. पलंग बाहेरच्या खोलीत आणला, खिडकीतून पिपातलं झाड दिसेल असा. मी तेव्हाही ठरवलं होतं. एक दिवस दुपारी तुम्हाला पेज भरवत होते, घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि मी म्हणाले, 'आक्का, एक बोलायचं हुतं.' तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, 'ड्रमचं झाकण लावलंस का?'

मी म्हणाले, 'लावलंय की वो, कितींदा इचारतासा?'

हेच. एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात आणि माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं हे झालं. वैतागून. आणि झाकण लावलेलं नव्हतं, आक्का. नंतर जाऊन लावलं.

यंदा घरात दिवाळी नव्हती. दुःखाची दिवाळी म्हणून पाहुणे फराळाचे डबे घेऊन येत होते आणि मंगलवहिनी आमच्या स्वयंपाकघरात चहा करत होत्या. मदत म्हणूनच. चहाचा चोथा आक्कांच्या झाडाला चालतो, हे त्यांनी कधीतरी ऐकलेलं. तीन दिवस त्यांनी सगळा गोड चोथा पिपात टाकला. मला पत्ता नाही. चौथ्या दिवशी बघते तर पिपाच्या काठावरून मुंग्यांची रांग, बुंध्यावरून वर, कळ्यांपर्यंत. मी हातानंच मुंग्या झटकायला लागले. मंगलवहिनी मागून आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, 'एवढ्यात काय घाबरतीस गं, चुना मार की बुडाला.'

मी तोंड उघडण्याआधी ओसरीवरून आवाज आला. 'चुना नको.'

हे बोलले होते. ज्यांना मोगरा आणि जास्वंद ओळखू येत नाही, ज्यांनी तीस वर्षांत एका कुंडीला पाणी घातलं नाही, ते पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले, चुना नको. मंगलवहिनी गेल्या. मी ओसरीवर आले आणि ह्यांच्यासमोर उभी राहिले. विचारलं, तुम्हाला काय माहीत चुन्याचं. त्यांनी पेपरची घडी घातली.

मग म्हणाले, 'आक्कानं सांगितलतं. त्याच दिवशी. गुंजीस्नं आली त्या दिवशी. फांदीच्या बेचक्यात गेरू राहिला हुता.'

मी खाली बसले. ते हळूहळू सांगायला लागले. तुम्ही त्यांना परड्यात नेऊन दाखवलं होतंत. बादल्या ओतत होतात ते चुना धुऊन काढायला. ज्या पाण्यावरून मी नऊ वर्षं तुम्हाला झाड बुडवल्याचा दोष दिला, ते पाणी. ह्यांनी तुम्हाला विचारलं होतं, मग शालनला बोलत का नाहीस. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते ह्यांनी मला तुमच्याच शब्दांत सांगितलं. इतकं बोलणारा माणूस नाही हा, पण ते त्यांनी जपून ठेवलेलं होतं.

'तिनं जीव लावून केलंय रं बाळू. पट्टा बी ओढलाय. चुन्याचं नाव काढलं तर ती परत कुठल्या झाडाला हात लावायची न्हाय. काळ्या मातीवरनं भांडू दे तिला.'

आक्का, मला तुमचा इतका राग आला की त्या दिवशी मी जेवले नाही.

माणसानं दुसऱ्याला माफ करावं, चांगली गोष्ट आहे. पण सांगून करावं. हे काय? तुम्ही मला माफ करून ठेवलंत, भावाला सांगितलंत आणि मला मात्र नऊ वर्षं अपराध पोटात घेऊन तुमच्याशी भांडायला लावलंत. आणि तुम्ही भांडत होतात ते खोटं! काळ्या मातीनं मेलं नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे मी बरोबर बोलत होते. त्या एका भांडणात माझं खरं होतं, हे तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही 'साकु' म्हणून उठून जायचात. मी आपली जिंकल्याशिवाय सोडायचं नाही म्हणून पुन्हा झाडांकडं यायची, तुम्हाला चूक ठरवायला नवं काही सापडतंय का बघायला. त्यातच मला पानांची शीर कळायला लागली, माव्याची कीड कळायला लागली, पाणी जास्त झालं की पान कसं होतं ते कळलं. आत्ता लिहिताना हे लक्षात येतंय. तुम्ही हेही ठरवून केलं होतंत का? केलं असेल तर मी तुम्हाला सोडणार नाही.

आणि माझं बोलायचं राहिलं ते राहिलंच. तुम्हाला आधीच माहीत होतं म्हणून काय झालं? मला सांगायचं होतं. माझ्या तोंडानं. तुम्ही ओरडला असतात, मी रडले असते, आणि मग एकदा तरी आपण दोघी त्या फणसाखाली एकत्र बसलो असतो. ते तुम्ही मला करू दिलं नाहीत. तुमच्यावर माझी माया होती, हेही सांगायचं होतं. ते तर मी कुठल्या भांडणात घुसडणार होते?

असो. चोथा मी त्याच दिवशी सगळा उकरला. तुमच्याच चमच्यानं. मुंग्यांना चुना नाही, पावडर नाही. ओल्या फडक्यानं एकेक फांदी, एकेक पान पुसून काढते, रोज सकाळी. पंधरा दिवस झाले, आता तुरळक आहेत. काल कळ्या खुडायला बसले. पहिली कळी चिमटीत धरली. नख लावलं, टपकन आवाज झाला, आणि मी कुणीतरी ओरडेल म्हणून मागं बघितलं. ओरडणारी मीच होते की, नेहमीची. दोन खुडल्या, एक ठेवली. पुन्हा दोन खुडल्या, एक ठेवली. खुडलेल्या ओंजळीत धरून त्याच्याच बुडात ठेवल्या. माझी इरकल दोरीवर ताणून बांधली आहे. आता तिचा रंग पार गेलाय, पण सावली अजून पडते.

तळाच्या एका फांदीवर मात्र तिन्ही कळ्या ठेवल्यात. अर्ध्या तर अर्ध्या. तुम्हाला आवडलं नसेल तर तसं सांगा.

आज पहिल्या कळीच्या टोकाला गुलाबी रेघ दिसली. अगदी बारीक. मी ह्यांना हाक मारली, ते चष्मा शोधत आले, वाकून बघितलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. मी त्यांना आत पाठवलं. मातीत बोट खुपसून बघितलं, ड्रममधलं पाणी काढलं, दीड तांब्या घातलं. एकही नाही आणि दोनही नाही, दीड. माझं मी ठरवलं.

आणि झाकण लावलंय, आक्का. आज खरंच लावलंय.